समुद्रसपाटीच्या हातभर खाली

आमच्या गावात कुत्रं अंगावर आलं तर त्याला मारायला दगड सापडत नाही. खोटं वाटेल, पण राहुरीच्या आसपास कुणालाही विचारा. सगळा तालुका काळ्या दगडावर बसलेला, विहीर खणायला घेतली तर दोन हातांवर पहार ठणकते, आणि आमच्या गावात मात्र उघड्यावर चूल मांडायची झाली तर तीन दगडांसाठी बायका शेजारच्या गावात ओळखी काढतात. कुत्र्यांनाही हे कळलंय. माणूस खाली वाकला तरी ती पळत नाहीत. उलट जवळ येऊन बघतात, की हा आता उचलणार तरी काय.

गावातले दगड गेले कुठं, तर गावाबाहेरच्या जुन्या खाणीत. टाकले कुणी, तर आमच्या सरांनी. कशासाठी, तर बेट करायला.

मी जनावरांचा डॉक्टर. मूळचा बेलापूरचा. नोकरीवर या गावात हजर झालो तेव्हा राहायला जागा हवी होती आणि सरांच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. हायस्कुलात जन्मभर भूगोल शिकवून सर निवृत्त झालेले. पिशवी घेऊन मी दारात उभा राहिलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. उंच, काटकुळे, कानांवर केसांची झुडपं, डोक्याला ओला पंचा. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, कुणाचा कोण ते विचारलं नाही. आमच्या भागात हा चमत्कारच म्हणायचा. माझ्या हातांकडे बघून ते एवढंच म्हणाले,

"दगड?"

"कसला दगड, सर?"

"काळा. नारळाएवढा. रिकाम्या हातांनी आलात?"

मी पिशवी खाली ठेवली. उन्हातून आलो होतो, तहान लागली होती, आणि हा माणूस माझ्याकडे दगड मागत होता. तेवढ्यात आतून काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज आला.

"डॉक्टर, आणा बाबा एक कुठूनतरी. त्याशिवाय मला चहा टाकता येत नाही."

त्या घराचा हा कायदा होता. दगड आणला तर चहा. पोस्टमन दगड आणायचा. लग्नाची पत्रिका द्यायला येणारे एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात दगड घेऊन यायचे. शाळेत होते तेव्हा तर सरांनी गृहपाठ न केलेल्या पोरांना छडी मारणंच सोडून दिलं होतं. एका गृहपाठाला दोन दगड. बेटाचा अर्धा डोंगर गावातल्या आळशी पोरांनी उभा केलाय, असं सरच सांगायचे. ती पोरं आता बापय झाली आहेत, पण सर समोरून दिसले की अजून खाली बघून चालतात. लाजेनं नाही, दगड दिसतो का ते बघायला.

बरं, आणलेला दगड घेतील तर ते सर कसले. आधी हातात तोलायचे, मग नखानं खरवडायचे, मग जीभ लावायचे. वीट परत. मुरूम परत. एकदा मी वैतागून शहाबादी फरशीचा तुकडा नेला, तर त्यांनी तो असा दोन बोटांत धरला की मेलेला उंदीर बरा. "ही गाळाची आहे, डॉक्टर," म्हणाले. "समुद्राच्या तळाशी निजून तयार झालेली. आपल्याला आगीतून आलेला पाहिजे." मी म्हटलं, सर, मी स्वतः रोज आगीतून येतो, बाहेर बेचाळीस डिग्री आहे. त्यांनी फरशी माझ्या हातात ठेवली आणि आत ओरडून सांगितलं, "चहा टाकू नकोस गं."

खाणीचं आधी सांगतो, नाहीतर घोळ होईल. इंग्रजांच्या काळात की कधी तिथून रस्त्यासाठी दगड काढलेला. खड्डा उरला, त्यात पाणी साचलं. पाऊस बरा झाला की खाण काठोकाठ भरते आणि एका कोपऱ्यातल्या खाचेतून जास्तीचं पाणी ओढ्याला जातं. म्हणजे पाणी एका ठरावीक उंचीच्या वर चढतच नाही. त्या उंचीवर सरांनी खाणीच्या भिंतीला पांढऱ्या ऑइलपेंटनं आडवी रेघ मारलेली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं, 'समुद्रसपाटी'. नगर जिल्ह्यात समुद्रसपाटी. नवीन तलाठी आला की लोक आधी त्याला ती दाखवायला न्यायचे.

मधोमध खोली अडीच परस. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी. या काठावरच्या कडुनिंबापासून त्या काठावरच्या कडुनिंबाला एक दोर बांधलेला. ट्रकच्या दोन ट्यूबा फुगवून वर फळ्या ठोकलेला तराफा. सर त्या तराफ्यावर बसायचे, दोर ओढत मध्यावर जायचे, दिवसाचे दगड एकेक करून सोडायचे आणि दोर ओढत परत यायचे. आणि या माणसाला पोहता येत नव्हतं. जन्मभर पोरांना पाच महासागर पाठ करून घेतले, पण स्वतः पाण्यात उतरले ते फक्त बादलीतल्या.

"सर, बेटच पाहिजे तर पाणी उपसून मधे माती टाकू," असं मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो. मला वाटलं, मी त्यांचे कष्ट वाचवतोय. त्या दिवशी मला पहिला पाठ मिळाला आणि दवाखाना दोन तास उशिरा उघडला.

"बेट म्हणजे पाण्यावर ठेवलेली परात नाही, डॉक्टर. बेट खालून येतं. समुद्राच्या तळाला भेग पडते, आतला रस बाहेर येतो. पाणी लागलं की गार. उशीसारखा एक गोळा. त्याच्यावर दुसरा. त्याच्यावर तिसरा. लाखो वर्षं हे चाललेलं असतं आणि वर समुद्रात कुणाला पत्ता नसतो. वरून जहाजं जातात, मासे जातात. आणि मग एक दिवस टोक पाण्याबाहेर येतं. लोक म्हणतात, बेट झालं. अहो, झालं कुठं? ते होतच होतं. तुम्हाला दिसलं आत्ता."

"पण इतका वेळ?"

"थर बसू द्या," सर म्हणाले.

हे त्यांचं ब्रीदवाक्य. कशालाही हेच. माझ्या बढतीचा कागद वर अडकला, तर थर बसू द्या. गावात दोन दिवस लाइट नाही, तर थर बसू द्या. एकदा एका म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं, मी मोटरसायकलला किक मारत होतो, मालक मागं बसून रडत होता, आणि सर हात आडवा करून समोर उभे. मला वाटलं, काही धीराचं बोलतील. म्हणाले, "त्या वस्तीवर विहिरीचं काम चाललंय. येताना दोन घेऊन या. घाईनं उचलू नका, घट्ट बघून घ्या." मी त्या दिवशी येशूचं नाव इतक्या वेळा घेतलं की मालकाला वाटलं, डॉक्टर म्हशीसाठी प्रार्थना करतायत.

आता पापडाचं. त्या घरात मी इतकी वर्षं जेवलो, पण सरांच्या हातून वाचलेला अख्खा पापड कधी खाल्ला नाही. काकू गॅसवर पापड भाजायला लागल्या की सर चिमटा हिसकावून घ्यायचे.

"हे बघा, डॉक्टर. खाली आच. ती जागची हलत नाही. वर पापड. म्हणजे जमीन. ती सरकते. आपली नखं वाढतात ना, तेवढ्या बेतानं." पापड आचेवर मुंगीच्या चालीनं सरकायला लागायचा. "हा फोड आला. हे पहिलं बेट. सरकलं. हे दुसरं. हे तिसरं. बेटांची माळ झाली. आता या पहिल्याकडे बघा. ते आचेवरून पुढं गेलं. त्याला खालून काही मिळत नाही. गार झालं, जड झालं, आता आपल्याच वजनानं खचत जाणार. पुन्हा पाण्याखाली."

तोवर पापडाचा कोळसा.

"आणि आपला हा काळा दगड? तुमच्या खोलीच्या पायाखालचा? तोही अशाच एका आचेवरचा. आपण तिच्यावरून गेलोय. आपण उत्तरेला सरकलो, आच मागं राहिली. ती आज हिंदी महासागरात आहे, मॉरिशसच्या पलीकडे. तिथं अजून बेट रांधतेय. बहुतेक शास्त्रज्ञांचं असं मत आहे. माझं तर आहेच."

"म्हणजे तिकडची बेटं आपले पाव्हणे?"

"सख्खे. एका चुलीवरचे." सर पहिल्यांदाच माझ्यावर खूष झाले. "म्हणून म्हणतो, दगड इथलाच पाहिजे. आपल्याला बेट जमलं नाही, त्याच्या आधीच आपण आचेवरून उठलो. राहिलेलं काम आहे ते."

"आणि माझ्या पापडाचं राहिलेलं काम?" काकू पलीकडून म्हणायच्या. "लग्न झाल्यापासून हा माणूस मला जळके पापड खायला घालतोय आणि वर सांगतो, हे बेट आहे."

काकू खुर्चीवर बसून स्वयंपाक करायच्या. दोन्ही गुडघे संपलेले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तर भिंत धरून, आणि मधे एकदा थांबून, एस.टी. थांबते तशा. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. मुलगी पुण्यातच, तिचं घर मोठं, ती दर आठवड्याला फोन करून रडायची. पण काकू जात नव्हत्या. मी एकदा रागावूनच विचारलं तेव्हा त्यांनी पीठ मळता मळता सांगितलं.

"मी तिकडं खाटेवर आणि हे इकडं ट्यूबेवर. डॉक्टर, ह्यांना पोहता येत नाही. मी दारात बसलेली असते, ते परत आलेले मला दिसतात, मग मी भाकरी टाकते. तिकडनं मला कसं दिसणार?"

"मग सरांनाच घेऊन जा."

"ते येतात होय? त्यांनी शब्द दिलाय. बेट पाण्यावर दिसलं की त्याच आठवड्यात पुण्याला."

हा शब्द सरांनी माझ्यासमोर आणि बबनभाऊंसमोर दिला होता. बबनभाऊ म्हणजे शेजारच्या मळ्यातले, चार म्हशींचे मालक. तेव्हापासून माझी रविवारची उपासना चुकायला लागली. कारण रविवारी सर खोली मोजायचे. गवंड्याचा ओळंबा मध्यावर सोडायचा, टेकला की दोरीला गाठ, मग काठावर येऊन वहीत आकडा. तराफ्याचा दोर मी धरायचा. आणि मी घरी आलो की काकू दारातूनच विचारायच्या, "किती राहिलं?" मी हातानं दाखवायचो. त्या तेवढ्या अंतराकडे बघायच्या आणि मग स्वतःच्या पायांकडे. देवाशप्पथ सांगतो, मी जनावरांच्या तोंडात हात घालणारा माणूस, पण त्या वेळी मला तिथं उभं राहवत नसे.

बबनभाऊ एकदा म्हणालेही, "सर, यका दिवसात लावून देतो. ट्रॉली भरून वततो. ईहिरीचा दगड हाय माज्याकडं, काळा कुळकुळीत."

सरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू ते बेट नाही, सरांचं पेन्शन ओतणार आहेत. "एकदम ओतलं त्याला उद्रेक म्हणतात, बबनराव. उद्रेकाचं बेट भुसभुशीत. आपलं बेट थराचं आहे."

बबनभाऊंचा आणि बेटाचा संबंध तसा जुना होता, आणि तो त्यांच्या जावयामुळे आलेला. जावई नवा, सासुरवाडीला आलेला. कुणीतरी त्याला सरांकडे चहाला नेलं आणि वाटेत कायदा सांगितला. जावई शहाणा. त्यानं बांधावरच्या लिंबाखाली एक छान गोल, काळा, नारळाएवढा दगड पाहिला, उचलला आणि नेला. सरांनी तोलला, खरवडला, जीभ लावली. "उत्तम," म्हणाले, "गावात असा दगड शिल्लक होता हे मला माहीत नव्हतं." जावयाला दोन कप चहा मिळाला. संध्याकाळी दगड खाणीच्या पाण्यात, बेटावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनभाऊ बांधावर नारळ फोडायला गेले, तर त्यांचा म्हसोबा जागेवर नाही.

शेंदूर उन्हापावसानं झडलेला, जावयाला काय कळणार. पण त्याच दिवशी थोरल्या म्हशीनं दूध चोरलं आणि मला बोलावणं आलं. मी कास तपासली. कासदाह होता. त्याला आमच्याकडे दगडी म्हणतात, हे बबनभाऊंपुढे उच्चारणं म्हणजे आगीत रॉकेल, म्हणून मी नुसतंच इंजेक्शन भरायला घेतलं.

"डाक्टर, सुई मारू नका," बबनभाऊ म्हणाले. "देव पान्यात हाय तवर ती दूध देनार न्हाई. तुमी सरांना सांगा, आमचा देव काडून द्या."

सर म्हणाले, "तो आता थरात बसला. उपसला तर उतार ढासळेल."

"सर, त्यो तुमच्या थरात बसायचा देव न्हाई. त्यो आमच्या बांधावर बसायचा देव हाय."

शेवटी पाण्यात उतरलो मी. रविवारी चर्चला जाणारा बेलापूरचा माणूस म्हसोबा शोधायला खाणीत बुड्या मारतोय, आणि काठावर सगळं गाव. मी इतका वेळ पाण्याखाली होतो की वर आलो तेव्हा माझी बदली होऊन रद्द झाली असती तरी कळलं नसतं. पाच दगड काढले. बबनभाऊंनी पाचही ओळीत मांडले आणि म्हणाले, "आपला देव मी वळखनार न्हाई व्हय?" अर्धा तास त्यांनी एकेकाला हात जोडून बघितलं. मग हळूच माझ्या कानाशी आले. "डाक्टर, पाची सारकेच हायती."

तोड काकूंनी काढली. पाचही परत खाली सोडायचे, म्हणजे देव नक्की तिथंच राहतो, आणि दर अमावास्येला नारळ बांधावर न फोडता खाणीच्या काठावर फोडायचा. म्हैस माझ्या इंजेक्शननं बरी झाली, पण नाव म्हसोबाचं झालं. सरांची हरकत एकच. "नारळ फोडा. पण करवंटी पाण्यात टाकू नका. ती तरंगते. पोरांना वाटेल, बेट असं असतं."

आणि मग ते पावसानं दडी मारलेलं वर्ष आलं. मुळा धरणाचा तळ दिसायला लागला तिथं आमच्या खाणीची काय कथा. पाणी रेघ सोडून खाली गेलं, मग आणखी खाली. चैत्रातल्या एका सकाळी बबनभाऊ बोंबलतच आले. "डाक्टर, देव वर आला. बेट वर आलं. चला."

मी धावलो. खाणीच्या मधोमध, पाण्याच्या वर, म्हशीच्या डोक्याएवढं काळं टोक. शेवाळ लागलेलं, ओलं, उन्हात चमकणारं. मी त्याच्यासाठी इतके दगड वाहिले होते, इतक्या शिव्या दिल्या होत्या, आणि खरं सांगतो, मी चपला काढून उभा राहिलो. तासाभरात निम्मं गाव काठावर. कुणी नारळ आणला, कुणी गुलाल. काकूंची खुर्ची मी आणली आणि काकू माझा खांदा धरून आल्या. घरापासून खाण हाकेच्या अंतरावर, पण त्या सात वेळा थांबल्या.

सर आधीच काठावर उभे होते. चेहरा असा, जणू कुणीतरी त्यांची फसवणूक केली आहे.

"आलं वर," काकू खुर्चीत बसत म्हणाल्या.

"आलं नाही. पाणी गेलं."

"पाण्यावर दिसतंय ना?"

"दिसतंय गं. पण ती रेघ बघ. समुद्रसपाटी ती आहे. हे अजून तिच्या हातभर खाली आहे."

"तुम्ही म्हणाला होतात, पाण्यावर दिसलं की निघू. रेघेवर दिसलं की, असं म्हणाला नव्हतात."

"व्हय, मी हुतो तवा," बबनभाऊ म्हणाले. "डाक्टरबी हुते." माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. मी मान हलवली. सरांची ती नजर मी अजून विसरलो नाही. गृहपाठाला चार दगड झाले असते.

"समुद्र आटून जे उघडं पडतं," सर सगळ्या गावाला उद्देशून म्हणाले, "त्याला बेट म्हणत नाहीत."

"नका म्हणू," काकू म्हणाल्या. "बेट न म्हणता चला."

लोक हसले. सर हसले नाहीत. ते काकूंजवळ आले आणि आवाज खाली करून बोलले, पण खाणीत आवाज घुमतो, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "हातभर राहिलंय फक्त. एक वर्ष दे. इतकी वर्षं गेली, एक आणखी."

काकू त्या टोकाकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "अहो, तुमच्या त्या पापडावर, पहिलं बेट आचेवरून पुढं गेलं की त्याचं काय होतं?"

"गार होतं."

"आणि?"

"जड होतं."

"आणि मग?"

सर पायानं काठावरची माती सारू लागले.

"आपल्याच वजनानं खचतं," काकूच म्हणाल्या. "इतकी वर्षं ऐकतेय. मला वाटायचं, तुम्ही माझ्याबद्दल बोलताय."

सरांनी भिंतीवरच्या रेघेकडे बघितलं. मग काकूंच्या पायांकडे. मग डोक्यावरचा पंचा काढला, झटकला, पुन्हा बांधला.

"आणि हे हातभर?" त्यांनी विचारलं.

आता मला सांगा, अशा वेळी माणसानं दुसरीकडे बघावं की नाही? मी नेमका सरांकडे बघत होतो.

त्याच आठवड्यात पुण्याला निघताना त्यांनी मला वही दिली, ओळंबा दिला, तराफ्याच्या ट्यूबा भरायचा पंप दिला. रोज एक. काळा. नारळाएवढा. रविवारी मोजायचं आणि पुण्याला कळवायचं. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाले, "ट्रॉली नाही." काकू पलीकडून म्हणाल्या, "डॉक्टर, आता तरी चहा पीत जा हो, दगडाशिवाय."

पाऊस झाला. खाण रेघेपर्यंत भरली आणि बेट हातभर पाण्याखाली गेलं. मी रोज एक दगड टाकत होतो. गाभण गायी, लंगडे बैल, ताप आलेल्या शेळ्या, आणि मधे तराफ्यावर मी. पण सरांच्या काळात सगळं गाव दगड आणायचं. माझ्याकडे कोण आणणार, मी तर चहासुद्धा टाकत नव्हतो. एका दगडानं हातभर चढायला किती दिवस लागतात, ते गणित सरांनी मला कधी शिकवलं नव्हतं. ओळंबा दर रविवारी हातभरावरच टेकायचा. मी दर रविवारी पुण्याला 'हातभर' कळवायचो.

काकूंचा एक गुडघा झाला. चांगला झाला. दुसऱ्याची तयारी चालली होती, आणि एका दुपारी मला काकूंचा फोन आला. आवाज अगदी बारीक, न्हाणीघरातून बोलत होत्या.

"डॉक्टर, हे पिशवी भरून बसलेत. उद्या गावी निघतो म्हणतात. म्हणे एका गुडघ्यावर माणूस चालतो, पण अर्ध्या बेटाला काही अर्थ नाही. ते तिकडं आले की मी इथं खाटेवर पडणार नाही, सांगून ठेवते. मीही येणार. एका गुडघ्यावर."

मी फोन ठेवला आणि सरळ बबनभाऊंचा मळा गाठला. ते म्हशी धूत होते.

"बबनभाऊ, तो विहिरीचा दगड आहे का अजून?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "मी म्हनलं हुतं ना," एवढंच बोलले आणि ट्रॅक्टरची किल्ली आणायला घरात गेले.

ट्रॉली काठावर ओतली. तराफ्याच्या खेपा करायला गावातले आळशी गृहपाठवाले बापय आले, एकेक करून, न बोलावता. जन्मात पहिल्यांदा कुणीही जीभ लावून दगड तपासला नाही. दिवस कलायच्या आत मधोमध काळं टोक वर आलं, आणि आणखी वर, आणि भरल्या पाण्यात, रेघेच्या हातभर वर जाऊन थांबलं. बबनभाऊंनी काठावर नारळ फोडला आणि करवंटी खिशात घातली. मी फोटो काढला, टोक आणि भिंतीवरची 'समुद्रसपाटी' एकत्र येईल असा, आणि पुण्याला पाठवला.

पाच मिनिटांत फोन.

"रेघ दिसतेय," सर म्हणाले.

"दिसतेय ना, सर."

"पाणी खाचेतून वाहतंय?"

"वाहतंय."

"रविवारी तुम्ही हातभर खाली कळवलंत. आज बुधवार. आज हातभर वर. तीन दिवसांत दोन हात."

माझ्याकडे सात थापा तयार होत्या. एकीत भूकंप होता. मी भूकंपापासूनच सुरुवात करणार होतो. मागून काकूंचा आवाज आला, "कोण आहे हो?"

"उद्रेक झाला असणार," सर म्हणाले.

"काय, सर?"

"उद्रेक. होतो कधीकधी. थराच्या बेटालाही होतो. वहीत तसंच लिहा, 'उद्रेक'. बबनराव वगैरे लिहू नका." मग फोन तोंडापासून जरा लांब धरून ते म्हणाले, "डॉक्टर आहेत. बेट आलं वर."

"रेघेच्या वर?" काकूंनी विचारलं.

"रेघेच्या वर."

मग पलीकडून भरलेली पिशवी उपसल्याचा आवाज आला.

"हिला सोमवारी भरती करतो," सर मला म्हणाले. मी हुश्श म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात, "आणि ऐका. उद्रेकाचं बेट भुसभुशीत असतं, मी सांगितलंय. लाटा खातात. त्याच्यावर थर द्यावे लागतात, नाहीतर दोन पावसाळ्यांत गेलं. तेव्हा रोजचा बंद करू नका. रोज एक. काळा."

"सर, गावात आता एकही दगड राहिला नाही."

"शेजारच्या गावात असतील."

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या गावात एका गाईला तपासायला गेलो. गाय नीट होती, वासरू नीट होतं, मालक भला माणूस. हात धुवायला पाणी दिलं आणि म्हणाला, "डाक्टर, बसा, चहा टाकतो."

गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून एक दगड लावलेला होता. काळा. नारळाएवढा. मी वाकलो, खरवडून बघितला.

"चहा राहू द्या," मी म्हटलं. "हा द्या."